मियाटाच्या डिकीत दोघांचं आठ दिवसांचं सामान कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही दोघं न्यू जर्सीत राहता आणि २०१९ सालची, दोन सीटांची, कापडी छपराची माझदा मियाटा नुकतीच सेकंडहँड घेतली आहे. ऑक्टोबरात आठ दिवस काढून स्कायलाइन ड्राइव्ह आणि ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्यांवरून दक्षिणेला उतरायचं आणि शेवटी शार्लटला मावसबहिणीच्या लग्नाला पोचायचं, असा बेत आहे. घरातली एकही मोठी सूटकेस डिकीत जात नाही. तेव्हा डिकीवर रॅक बसवावा की सरळ मोठी गाडी भाड्याने घ्यावी, असं तुम्ही विचारता.

मियाटाच न्या, आणि रॅकही घेऊ नका. मी नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो, आधी या गाडीची जुनी एनसी पिढी चालवायचो, आता तुमच्यासारखीच एनडी, म्हणजे त्यानंतरची पिढी आहे, आणि सुट्टी मिळाली की आम्ही नवरा-बायको पार्कवेवर असतो. दोन माणसांचं आठ दिवसांचं सामान, लग्नाच्या कपड्यांसकट, या गाडीत नीट बसतं. फक्त सामान भरताना एक अट अशी पाळायची की कुठलीही वस्तू न हलवता, सीटवर बसल्या बसल्या छप्पर उघडता आणि मिटता आलं पाहिजे. एनडीचं छप्पर हाताने, एका हातानेच, काही सेकंदांत मागे जातं. त्या हालचालीच्या आड एखादी पिशवी आली की माणूस आळस करतो. "राहू दे, पुढच्या थांब्यावर उघडू," असं म्हणत शंभर मैल बंद छपराखाली जातात, आणि त्यासाठी साधी गाडीही चालली असती. खाली जे जे सांगणार आहे ते सगळं या अटीवरून ठरलेलं आहे.

डिकी किती मोठी आहे ते आधी समजून घ्या. एनडीची डिकी १३० लिटरची, अमेरिकी मापात ४.५९ घनफूट. त्याआधीच्या एनसीची १५० लिटर होती. म्हणजे नव्या गाडीत जागा कमी झाली, आणि ती जाणूनबुजून कमी केली. २०१५ साली ही पिढी आली तेव्हा माझदाने गाडी आधीच्यापेक्षा सुमारे शंभर किलोंनी हलकी केली. लांबी ३,९१५ मिलिमीटर, म्हणजे १९८९च्या पहिल्या मियाटापेक्षाही आखूड. डॅशबोर्डमध्ये कप्पा नाही, त्याऐवजी दोन सीटांच्या मध्ये मागच्या बाजूला कुलूप लागणारा एक छोटा कप्पा आहे. स्टेपनी नाही. वळणावर ही गाडी जशी हलकी वागते त्याची किंमत डिकीत दिलेली आहे, आणि माझ्या मते सौदा चांगला आहे.

आता तुमची सूटकेस का जात नाही ते पाहू. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात ठेवतात ती केबिन बॅग २२ बाय १४ बाय ९ इंचांची, म्हणजे बाहेरून मोजली तर साधारण ४५ लिटर. कागदावर १३० लिटरमध्ये अशा जवळपास तीन बसायला हव्यात. प्रत्यक्षात दोन बसल्या तरी पुष्कळ, कारण लिटरचा आकडा कोपरे-कंगोरे धरून काढलेला असतो, आणि कडक बॅग कोपऱ्यात जात नाही. शिवाय चाकं आणि आत सरकणारा दांडा यांनी त्या ४५ लिटरमधले बरेच लिटर आधीच खाल्लेले असतात. दुसरी अडचण तोंडाची आहे. डिकी खोल आहे, पण तिचं तोंड आतल्या जागेपेक्षा लहान आहे. आत मावेल अशी पेटी तोंडातून वळवता येत नाही. म्हणून टेप घेऊन आतली लांबी-रुंदी मोजत बसू नका, तोंड मोजा. त्याहून सोपं म्हणजे घरातलं एखादं पुठ्ठ्याचं खोकं कापत कापत लहान करा आणि जे सहज आत-बाहेर होतं ते माप धरा. झाकण हळू खाली आणून त्याचे वाकडे बिजागर आत कुठे उतरतात तेही बघून घ्या. त्या जागी नाजूक वस्तू ठेवली तर चेंगरते, आणि झाकण बंद होताना आपल्याला कळतही नाही.

पिशव्या मऊ, बिनचाकांच्या, तीस ते चाळीस लिटरच्या घ्या. खेळाडू जिमला नेतात तशा डफल चालतील, भारी ब्रँडची गरज नाही. दोन डफल, एक त्याहून लहान रात्रीची पिशवी आणि दोन-तीन अगदी छोट्या कापडी थैल्या, एवढ्यात तुमचं काम होईल. कपडे दाबून हवा काढायच्या प्लास्टिकच्या पिशव्या मात्र टाळा. आकारमान घटतं हे खरं, पण पिशवी विटेसारखी ताठ होते आणि परत कोपरे रिकामे राहतात. डफल पूर्ण ठासून भरू नका. थोडी सैल राहिली तर ती डिकीच्या आकाराप्रमाणे बसते, आणि झाकण लावताना वरून हाताने चेपता येते.

यापुढचं बऱ्याच जोडप्यांना पटायला वेळ लागतो, पण माझा त्यावर फार भर आहे. "तुझी बॅग, माझी बॅग" ही वाटणी बंद करा. ती घरी आणि विमानात ठीक आहे. रोज रात्री वेगळ्या मोटेलमध्ये उतरायचं असेल तर दोघांच्या दोन्ही बॅगा रोज बाहेर काढाव्या लागतात, खोलीत पसरतात आणि सकाळी परत डिकीत रचाव्या लागतात. त्याऐवजी सामान वेळेप्रमाणे वाटा. रात्रीच्या पिशवीत दोघांचेही झोपायचे कपडे, दुसऱ्या दिवसाचे कपडे, दात घासायचं सामान, औषधं, चार्जर. खोलीत जाते ती फक्त हीच. पहिल्या डफलमध्ये पहिल्या तीन-चार दिवसांचे कपडे, दुसरीत थंडीचे आणि लग्नाचे. दुसरी डफल शार्लटपर्यंत उघडायचीच नाही, फक्त जाड स्वेटर तिच्यातून आधी काढून ठेवायचे. दर संध्याकाळी रात्रीच्या पिशवीतले मळके कपडे एका थैलीत जातात आणि उद्याचे पिशवीत येतात. डिकीजवळ उभ्याउभ्या पाच मिनिटांचं काम आहे.

आठ दिवसांसाठी आठ जोड नेऊ नका, चार पुरतात. मध्ये एकदा वाटेतल्या ॲशव्हिलमध्ये किंवा त्याच्या आधी बूनमध्ये लॉन्ड्रोमॅटवर तासभर द्या आणि क्वार्टरची चिल्लर जवळ ठेवा. जीन्स एकच न्या आणि ती अंगावर घाला, कारण एका जीन्सच्या जागेत दोन पातळ पँट्स मावतात. मेरिनो लोकरीचे टी-शर्ट महाग असतात, पण दोन दिवस घातले तरी वास येत नाही, लवकर वाळतात आणि थंडीतही चालतात. एवढ्या लहान डिकीसाठी तो पैसा मला योग्य वाटतो. बूट जास्तीत जास्त एक जोड डिकीत, एक पायात. डिकीतले बूट जोडीने ठेवू नका, एक एका कोपऱ्यात आणि दुसरा दुसऱ्या, आणि त्यांच्यात मोजे भरा. कोल्हापुरी चपला सपाट असतात, त्या डफलच्या बाजूला उभ्या सरकवता येतात.

रचण्याचा क्रम असा. सगळ्यात खाली खोल जागेत आणि कोपऱ्यांत क्वचित लागणाऱ्या जड वस्तू, म्हणजे हत्यारांची गुंडाळी, हवेचा पंप, बूट. मग जड डफल सीटांकडच्या भिंतीला टेकवून आडवी, आणि हलकी डफल मागे, बंपरच्या बाजूला. मागच्या चाकांच्याही मागे वजन लोंबकळलं की वळणावर गाडीची शेपटी जड वाटू लागते. हजार किलोंच्या आसपासच्या गाडीत वीस किलो कुठे ठेवले आहेत ते स्टिअरिंगला कळतं. मोठ्या एसयूव्हीत हे कधी जाणवणार नाही, इथे जाणवतं. डफलच्या वर रात्रीची पिशवी, आणि उरलेल्या फटींत रेनकोट, मफलर, मऊ जॅकेट. हे शेवटचे कपडे पिशवीत भरायचेच नाहीत. ते सामानाची खडखड थांबवतात, आणि पाऊस आला किंवा गारठा वाढला तर झाकण उघडताच हाताला लागतात.

वजनाचा विषय फारसा कोणी काढत नाही, म्हणून मी काढतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर आहे. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांपेक्षा जास्त नको, हा आकडा त्यावर छापलेला असतो. त्यातून तुमची दोघांची वजनं वजा करा. जे उरतं ते सामानासाठी, आणि दोन सीटांच्या गाडीत ते अपेक्षेपेक्षा बरंच कमी असतं. पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट, पुस्तकं, भांडी असल्या वस्तू डिकीत मावल्या तरी या हिशेबात बसत नाहीत. त्याच स्टिकरवर टायरचा दाब दिलेला आहे. सामान भरल्यावर, टायर थंड असताना, तो तपासूनच निघा.

आता सीटांमागची जागा. छप्पर बंद असताना सीटांच्या मागे, काचेखाली, एक रिकामी खोबण दिसते. नव्याने गाडी घेतलेला प्रत्येक जण तिथे काहीतरी ठेवतो. तिथे काहीही ठेवू नका. ती छपराची जागा आहे. घडी होताना कापड किंवा मागची काच त्या वस्तूवर दाबली जाते, आणि नवं छप्पर बसवायचा खर्च हजार डॉलरच्या वर जातो. शिवाय जोरात ब्रेक लागला तर तिथली बाटली किंवा कॅमेरा सरळ डोक्याकडे येतो. दोन्ही बाजूंना, छपराच्या कडेला, पावसाचं पाणी वाहून जायची भोकं असतात. ऑक्टोबरात पानं पडतात आणि ती तिथे अडकतात. रोज सकाळी हाताने पानं काढून टाका, नाहीतर पाणी आत उतरून गालिचा भिजतो आणि आठवडाभर कुबट वास येत राहतो.

सीटवर बसल्यावर हाताशी काय हवं? सनस्क्रीन, गॉगल, पाण्याची एकेक बाटली, रुमाल, पाकीट, आणि कानटोपी. हो, आपली साधी कानटोपी. उघड्या गाडीत थंडी समोरून येत नाही, समोर काच असते. हवा डोक्यावरून जाऊन मागून गोल फिरते आणि मानेवर येते. दोन्ही बाजूंच्या काचा वर करून, हीटर पायांवर सोडून, मानेला मफलर आणि कानाला टोपी असेल तर पन्नास अंश फॅरनहाइटलाही छप्पर उघडं ठेवून आरामात जाता येतं. साध्या कॅपला हनुवटीखाली पट्टा नसेल तर ती पहिल्याच वेगात उडते. सुटे कागद, पावत्या, टिशू, खाऊच्या रिकाम्या पुड्या यांतलं काहीही उघड्यावर ठेवू नका, सगळं सीटांमधल्या कप्प्यात. प्रवासी बाजूला पायाशी एक लहान सॅक चालते, पण ड्रायव्हरच्या पायाशी काहीही नको, घरंगळून पेडलखाली जातं. एनडीचे कप होल्डर काढता येतात. प्रवाशाच्या कोपराला ते लागत असतील तर एक काढून ठेवा.

तुमच्या रस्त्याप्रमाणे कपडे कसे बदलतात ते बघा. स्कायलाइन ड्राइव्ह फ्रंट रॉयलपासून १०५ मैल, वेगमर्यादा ३५. ती जिथे संपते तिथेच, रॉकफिश गॅपला, ब्लू रिज पार्कवे सुरू होतो. तो ४६९ मैल, वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ४५, शेवट चेरोकीजवळ. या वेगात वारा त्रास देत नाही, म्हणून हा रस्ता उघड्या गाडीसाठी मला सगळ्यात आवडतो. न्यू जर्सीहून तिथे पोचायला इंटरस्टेट ८१ घ्याल तेव्हा छप्पर बंद ठेवा. त्या रस्त्यावर ट्रकांची रांग असते, आणि त्यांच्या चाकांच्या उंचीवर आपले कान असतात. पार्कवेवर खरा फरक उंचीचा. ॲशव्हिल साधारण २,१०० फुटांवर आहे, आणि पार्कवेचा सर्वोच्च बिंदू रिचलँड बॉलसमजवळ ६,०५३ फुटांवर. दर हजार फुटांना साधारण साडेतीन अंश फॅरनहाइट उतरतात. म्हणजे ॲशव्हिलला दुपारी टी-शर्टात जेवून निघालात तरी तासा-दोन तासांत हवा सात-आठ अंश सेल्सियसने गार झालेली असते, वर गाडीचा वारा. म्हणून एक जाड जाकीट नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्या. ते कमी जागेत मावतात, आणि बसल्या जागी घालता-काढता येतात.

पार्कवेवर पेट्रोल पंप नाहीत. काळजीचं कारण नाही, एनडीची टाकी ११.९ गॅलनची आहे आणि अशा संथ रस्त्यावर ती तीनशे मैल सहज देते. दर दिवशी सकाळी खालच्या गावात टाकी भरा. पेट्रोलचा कॅन डिकीत कधीही नेऊ नका.

टायरबद्दल मात्र निघायच्या आधी एक संध्याकाळ द्या. स्टेपनीऐवजी कंपनी भोक बुजवायच्या द्रवाची बाटली आणि छोटा पंप देते. तुमची गाडी वापरलेली आहे. आधीच्या मालकाने ती बाटली वापरून टाकलेली असू शकते, किंवा तिची मुदत संपलेली असू शकते. मुदत बाटलीवर छापलेली असते. चाकांना कुलपी नट असतील तर त्यांची किल्ली गाडीत आहे का तेही शोधा. ती नसेल तर रस्त्यात मेकॅनिकसुद्धा चाक काढताना अडकतो. मी याशिवाय खिळ्याचं भोक बुजवायचा प्लगचा संच नेतो, तो मुठीत मावतो. टायरची बाजू फाटली तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, तिथे टो ट्रकच लागतो. तेव्हा रोडसाइड असिस्टन्स चालू ठेवा, आणि त्यांचा नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण पार्कवेवर लांबलांब अंतरापर्यंत फोनला रेंज नसते. पूर्ण आकाराची स्टेपनी नेण्याचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या, डिकीत मग दुसरं काही उरणार नाही.

लग्नाच्या कपड्यांचं काय, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग. पैठणी न्यायची आहे असं लिहिलंय. तिला डफलमध्ये इतर कपड्यांखाली दाबू नका. जरीवर एकाच ठिकाणी घडी राहून वर वजन आलं की तिथे जरीची तार मोडते, नंतर ती सरळ होत नाही. साडीची रुंदी डिकीच्या आडव्या मापात येईल इतपतच घडी घालायची, काठ आणि पदर आत राहतील असं बघायचं, आणि मग एका मऊ टॉवेलच्या गुंडाळीभोवती ती सैलसर गुंडाळायची. वरून धुतलेलं मलमलचं किंवा जुन्या सुती साडीचं कापड, त्यावर पाणी आत न जाणारी पिशवी. ही गुंडाळी सगळ्यात वर, रात्रीच्या पिशवीच्या बाजूला, बिजागरांपासून लांब. परकर, ब्लाउज आणि पिनांचा डबा तिच्यासोबत एकाच थैलीत, म्हणजे लग्नघरी शोधाशोध नको. शार्लटला पोचल्यावर त्याच संध्याकाळी साडी उलगडून टांगा.

कुर्ता-पायजमा गुंडाळीने सहज जातो, इस्त्री तिथे करता येते. शेरवानी, मोजड्या, आहेराची भांडी, देवाची मूर्ती अशा ताठ आणि जड वस्तू मात्र गाडीत नेऊच नका. मी असल्या वेळी पोस्टाचा आधार घेतो. यूएसपीएसच्या प्रायॉरिटी मेलचे फ्लॅट रेट खोके मिळतात, ७० पौंडांपर्यंत वजन कितीही असलं तरी दर तोच. लग्नाच्या आठवडाभर आधी मावशींच्या घरी खोकं पाठवून द्या आणि पोचल्याचं फोन करून विचारा. दागिने पोस्टाने नकोत आणि डिकीतही नकोत. ते एका छोट्या पाऊचमध्ये तुमच्याबरोबर, खोलीत जाताना खोलीत.

परतीचाही हिशेब आत्ताच करा, कारण मराठी लग्नातून कोणी रिकाम्या हाताने परतत नाही. साडी, टॉवेल-टोपी, लाडू-चिवड्याचे डबे, मावशींनी प्रेमाने बांधून दिलेलं लोणचं. जाताना ज्या खोक्यात शेरवानी गेली त्याच तऱ्हेच्या खोक्यात लग्नाचे कपडे आणि भेटी परत घरी पाठवा. खाण्याचं मात्र गाडीतून आणा. लोणच्याची बरणी डिकीत उभी ठेवायची, झाकणावर प्लास्टिक आणि रबर, आणि भोवती मळक्या कपड्यांची थैली.

जातानाच्या खाण्याबद्दल. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळ्या हे सगळं पहिल्या दोन दिवसांपुरतं उत्तम, आणि डब्यापेक्षा फॉइलमध्ये गुंडाळलेलं बरं, कारण खाल्ल्यावर डबा रिकामा झाला तरी जागा तेवढीच खातो. चहाचा एक चांगला थर्मास असावा, पार्कवेच्या एखाद्या ओव्हरलूकवर, म्हणजे दरी बघायच्या थांब्यावर, गार हवेत त्या चहाची सर कुठल्याही कॉफीला येत नाही. पण एक नियम फार कडक पाळा. स्कायलाइन ड्राइव्ह ज्यातून जातो ते शेनंडोआ उद्यान, ब्लू रिज आणि पुढे स्मोकी माउंटन्स, हा सगळा काळ्या अस्वलांचा मुलूख आहे. खाण्याची कुठलीही वस्तू, चिवड्याची रिकामी पुडी, वासाचं लोशनसुद्धा, छपराखाली सोडून ट्रेलवर जाऊ नका. अस्वलाचं नाक फार तीक्ष्ण, आणि कापडी छप्पर त्याला अडवू शकत नाही. सगळं डिकीत, झाकण बंद. ज्या अस्वलाला गाडीतल्या खाण्याची चटक लागते त्याचं पुढे वाईट होतं. म्हणून आपली गाडी वाचवण्याइतकंच हे त्याच्यासाठीही आहे.

माणसांच्या चोरीसाठीही हाच नियम. गाडी उभी केली की आत काहीही दिसायला नको, चार्जरची वायरसुद्धा नको. कापड कापायला एक ब्लेड पुरतं. कापडी छपराच्या गाड्यांचे काही मालक दारांना कुलूपच लावत नाहीत, म्हणजे चोर छप्पर न कापता दार उघडून बघेल आणि जाईल. आत खरोखर काही नसेल तर मला हे पटतं, पण दार उघडं राहिल्यावर आतून डिकी उघडता येते का ते तुमच्या गाडीवर आधी तपासा. रात्री मोटेलमध्ये रिसेप्शनच्या उजेडात, डिकीची बाजू भिंतीकडे करून गाडी लावा.

आता रॅक. त्याला माझा विरोध नाही, कॅम्पिंगला तंबू आणि स्लीपिंग बॅगा न्यायच्या असतील तर पर्याय उरत नाही. पण तुम्ही मोटेलांत राहणार आहात. एनडीच्या डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं आणि पातळ आहे, पट्ट्यांचा ताण आणि पायांचा दाब त्यावर खुणा सोडतो. चुंबकाने चिकटणारी साधनं तर त्यावर चिकटतच नाहीत. बॅगेखाली धूळ अडकली की रंगावर चरे पडतात. आरशात मागचं कमी दिसतं, आणि वरचा तिसरा ब्रेक लाइट झाकला जाण्याचा धोका असतो. अमेरिकेत कारला तो १९८६च्या मॉडेलपासून सक्तीचा आहे, आणि धुक्यात मागच्याला आपण दिसण्यासाठी तो फार महत्त्वाचा. ऑक्टोबरात पार्कवेवर धुकं ठरलेलं. शिवाय रॅकवरचं सामान दर थांब्यावर उघड्यावर असतं. इतकं सगळं सहन करून वर न्यायचं काय, तर बहुतेक वेळा घरीच राहायला हवी होती अशी तिसरी बॅग.

दुसऱ्या कुठल्या गाडीचा विचार करणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. डिकीचा आकडा छप्पर उघडं असतानाचा विचारा. मियाटात छपराने डिकीला हात लागत नाही, कडक छपराच्या आरएफमध्येही नाही, तिची १२७ लिटर दोन्ही वेळी तेवढीच. फियाट १२४ स्पायडर याच गाडीच्या सांगाड्यावर, हिरोशिमातच बनायची, तिची डिकी थोडी मोठी, १४० लिटर. मिनी कन्व्हर्टिबलमध्ये मात्र छप्पर बंद असताना २१५ लिटर आणि उघडलं की १६०. सामान पहिल्या आकड्याने भरलं तर छप्पर उघडणारच नाही.

निघायच्या आधीच्या शनिवार-रविवारी सगळं सामान खरोखर भरा, अगदी टूथब्रशपर्यंत. मग दोघांनी सीटवर बसून छप्पर दोनदा उघडा आणि मिटा, वीस-पंचवीस मैल वळणाच्या रस्त्याने चक्कर मारा. डिकीतून खडखड येत असेल तर काय हलतंय ते शोधून त्याच्याभोवती कपडा खुपसा. परत आल्यावर डिकी भरलेली असतानाचा फोनवर फोटो काढून ठेवा, रोज सकाळी तो बघून तसंच रचता येतं. झाकण लावायला गुडघा टेकावा लागत असेल तर एक वस्तू कमी करा, आणि ती कोणती हे घरीच ठरवा.

रस्त्याचंही बघा. सप्टेंबर २०२४मधल्या हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातल्या पार्कवेचं फार नुकसान केलं, आणि दुरुस्तीसाठी काही टप्पे बंद ठेवावे लागले. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर मैलाच्या दगडांप्रमाणे कुठला टप्पा चालू, कुठला बंद, हे दिलेलं असतं. निघायच्या आदल्या रात्री आणि मग रोज सकाळी ते बघा. वळसा घ्यावा लागला तर तो खालच्या हमरस्त्यांवरून जातो आणि दिवसाचे दोन-तीन तास खातो. पानांच्या रंगाच्या मोसमात ऐनवेळी खोल्या मिळत नाहीत, म्हणून सगळी बुकिंग आत्ताच करा, पण आदल्या दिवशीपर्यंत रद्द करता येतील अशीच.